'ओम्बुड' : एका स्वीडिश नामाचा विचार

स्वीडिश भाषेत 'ओम्बुड' हे एक नित्य वापरातील नाम आहे. त्याचा अर्थ, दुसऱ्याने दिलेल्या अधिकाराने त्याच्या वतीने काम करणारा. न्यायालयात पक्षकाराची बाजू मांडणारा तो ओम्बुड, आणि टपालाची पार्सले ताब्यात देणारा वाणीही ओम्बुडच! व्यक्तीसाठी वापरले जात असूनही हे नाम नपुंसकलिंगी आहे. अनेकवचनी त्याचे रूप बदलत नाही. आपणही 'एक वकील, दोन वकील' असेच म्हणतो.

वकिलाचा हा दाखला केवळ व्याकरणापुरता नाही. अरबीतून आलेल्या 'वकील' शब्दाचा मूळ अर्थ प्रतिनिधी असाच आहे. निजामाच्या दरबारी पेशव्यांचे वकील असलेले गोविंदराव काळे कायदेपंडित म्हणून तेथे नव्हते. जमिनी उद्योगांकडे गेलेल्या आमच्या शेंद्र्यासारख्या गावात 'मुखत्यारपत्र' म्हणजे काय, हे कोणास समजावून सांगावे लागत नाही. मुखत्यार म्हणजे अगदी ओम्बुडच.

या शब्दाचे जुने नॉर्स रूप 'उम्बोध', अर्थ अधिकारदान. त्यातील 'बोध' या अंशाचे मूळ आणि संस्कृत 'बुध्' धातूचे मूळ भाषाशास्त्रज्ञ एकच मानतात. म्हणजे आपला 'बुद्ध' आणि त्यांचा 'ओम्बुड' दूरचे भाऊबंद ठरतात.

याला 'मन' म्हणजे माणूस जोडला की 'ओम्बुड्समन' होतो. १७१३ साली तुर्की मुलखात अडकलेल्या बाराव्या चार्ल्स राजाने स्वदेशातील अधिकाऱ्यांवर देखरेखीसाठी असा एक नेमला. तो राजाचा माणूस होता. १८०९ च्या राज्यघटनेने मात्र संसदेने निवडलेला ओम्बुड्समन आणला. शब्द तोच राहिला, पण धनी बदलला, आणि माझ्या मते या शब्दाच्या इतिहासातील खरी घटना हीच.

आपल्याकडे १९६३ साली लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी 'लोकपाल' हा शब्द सुचविला. महाराष्ट्राने १९७१ चा अधिनियम करून १९७२ साली लोकायुक्त नेमला. देशात प्रत्यक्ष नेमणूक प्रथम येथेच झाली. केंद्रातील पहिल्या लोकपालास मात्र २०१९ साल उजाडावे लागले.

'लोकपाल' हा शब्द भारदस्त खरा, परंतु पुराणांतील लोकपाल दिशांचे रक्षणकर्ते, देवच. पालकापुढे रयत हात जोडून उभी राहते. ओम्बुडला आपणच धाडलेले असते, तेव्हा त्याला जाब विचारता येतो. 'आयुक्त' म्हणजे नेमलेला. त्या दृष्टीने 'लोकायुक्त' हा शब्द मूळ अर्थाच्या अधिक जवळ जातो; मात्र त्याचा विग्रह 'लोकांसाठी नेमलेला' असा न करता 'लोकांनी नेमलेला' असा करावा लागेल.