प्रॉक्सीच्या आडोशाला बसण्याआधी

पोरी, आपला ठावठिकाणा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक वेबसाइटला कळू नये असं तुला वाटतं, ते रास्तच आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिलाय, तेव्हा मनात संकोच ठेवू नकोस. फक्त तुझं बोट डोक्याच्या आधी धावतं, म्हणून सेटिंग उघडण्यापूर्वी मामाचं एवढं ऐकून घे.

१. प्रॉक्सी काय करते ते आधी समजून घे. आपल्या काटोलचा संत्रा नागपुरात कळमन्याच्या बाजारात अडत्यामार्फत जातो, तसंच हे — घेणाऱ्याला अडत्या दिसतो, बागवाला दिसत नाही. पण अडत्याला दोघंही ठाऊक असतात.

२. म्हणून ‘कोणती प्रॉक्सी?’ याआधी ‘कोणाची प्रॉक्सी?’ हे विचार — साइटपासून लपलीस तरी तुझा खरा आयपी पत्ता आणि तू कुठं कुठं जातेस, ते प्रॉक्सीवाल्याला कळतंच. आडोसा ज्याचा, कान त्याचा.

३. फुकट प्रॉक्सीच्या याद्यांच्या नादी लागू नकोस — मशीन आणि इंटरनेटचा खर्च कोणीतरी करतोय, तो तुझ्या माहितीतून वसूल होऊ शकतो. होला नावाची फुकट सेवा आपल्या वापरणाऱ्यांचंच कनेक्शन दुसऱ्यांना विकत होती, हे २०१५ मध्ये उघड झालं. फुकटच्या पडद्याला भोकं फार.

४. साइटच्या पत्त्यात एचटीटीपीएस असल्याशिवाय पासवर्ड टाकू नकोस — ते असलं तर प्रॉक्सीवाल्याला साइटचं नाव कळतं, पण तू काय लिहिलंस ते वाचता येत नाही.

५. प्रमाणपत्राचा इशारा आला तर मागं फिर, आणि ‘आमचं प्रमाणपत्र बसवा’ म्हणणाऱ्या प्रॉक्सीला सरळ नाही म्हण — ते बसवलंस की एचटीटीपीएस असूनही मधला माणूस सगळं वाचू शकतो.

६. नुसत्या ब्राउझरपुरतं काम असेल तर एचटीटीपी प्रॉक्सी पुरते. इतर अ‍ॅपही त्याच वाटेनं न्यायचे असतील तर सॉक्स-५ घे. दोन्ही स्वतःहून काही कुलूपबंद करत नाहीत — तुझ्यापासून प्रॉक्सीपर्यंतची वाटही झाकायची असेल तर व्हीपीएन किंवा एसएसएचचा बोगदा लागतो.

७. शिकताना फायरफॉक्समध्ये लाव: सेटिंग्ज, जनरल, तळाशी नेटवर्क सेटिंग्ज, मग मॅन्युअल प्रॉक्सी — त्याची प्रॉक्सी त्याच्यापुरतीच राहते, क्रोम मात्र संगणकाचीच सेटिंग घेतो आणि बाकीचे प्रोग्रामही त्यात ओढले जातात.

८. पत्ता आणि पोर्ट दोनदा वाच — सॉक्सचा पोर्ट बहुधा १०८० असतो, स्क्विड या प्रॉक्सी सॉफ्टवेअरचा ३१२८. एक आकडा चुकला तर पानच उघडत नाही आणि तू उगाच इंटरनेटवर रागावतेस.

९. सॉक्स-५ लावलंस की त्याखालच्या ‘प्रॉक्सी डीएनएस’ वर खूण आहे ना, ते बघ — नसली तर पान प्रॉक्सीतून येतं, पण साइटचं नाव तुझ्या इंटरनेटवाल्यालाच विचारलं जातं.

१०. लावण्याआधी आणि लावल्यावर आपला आयपी तपास, वेबआरटीसीची चाचणीही कर — व्हिडिओ कॉलसाठी असलेली ही सोय कधी कधी खरा पत्ता सांगून टाकते. झाकलं म्हणू नये, तपासलं म्हणावं.

११. भाड्याच्या सर्व्हरवर स्वतःचं स्क्विड उभारलंस तर पासवर्ड लाव आणि आपल्यापुरतंच उघडं ठेव — नाहीतर परका माणूस त्यातून उद्योग करील आणि विचारणा तुझ्याकडे येईल.

१२. स्वतःचा सर्व्हर म्हणजे अनामिक झालो, असं समजू नकोस. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार भारतातल्या व्हीपीएन आणि व्हर्च्युअल सर्व्हरवाल्यांना ग्राहकाचं नाव-पत्ता पाच वर्षं जपावं लागतं — त्यामुळेच त्या वर्षी नॉर्ड, एक्सप्रेस यांसारख्या परदेशी व्हीपीएन कंपन्यांनी भारतातले सर्व्हर हलवले.

१३. खरोखर नाव झाकायची गरज असेल तेव्हा टॉर ब्राउझर वापर आणि त्यात जादा एक्स्टेन्शन घालू नकोस — तिथं वाट तीन मुक्कामांतून जाते, तू कोण आणि चाललीस कुठं हे दोन्ही एकाच मुक्कामाला कळत नाही. वेग कमी मिळेल, तेवढा धीर धर.

१४. प्रॉक्सी लावून रोजच्या गुगल खात्यात शिरू नकोस, वेगळं प्रोफाइल ठेव — आयपी बदलला तरी खातं आणि कुकी तुला ओळखतातच. नाव सांगून तोंड झाकू नये.

१५. बँक आणि यूपीआयचं काम प्रॉक्सीतून करू नकोस — बँक तुला ओळखतेच, वर परदेशचा पत्ता दिसला तर खातं अडकायची भीती.

१६. रेल्वे स्टेशनच्या मोफत वाय-फायला अनामिक समजू नकोस — आत शिरतानाच ते मोबाइलवर ओटीपी मागतं.

१७. फोटो टाकण्याआधी त्यातली जागेची नोंद काढून टाक — आयपी परदेशचा दाखवलास आणि फोटोनं काटोलची बाग सांगितली, तर सगळी मेहनत वाया.

१८. काम संपलं की सेटिंग ‘नो प्रॉक्सी’वर आण — विसरलीस तर पुढचं सगळं खासगी काम त्याच तिऱ्हाइताच्या हातून जातं.

१९. पैशाची फसवणूक झालीच तर लाजत बसू नकोस, १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन कर आणि मग घरी सांग — पहिल्या काही तासांत कळवलं तर पैसे गोठवता येण्याची आशा असते.

एवढं सगळं लक्षात राहिलं नाही तरी चालेल. पण दर वेळी बटण दाबण्याआधी स्वतःला विचार, ‘आत्ता मी कोणापासून लपतेय आणि कोणावर विसंबतेय?’ दोन्ही नावं सांगता आली तरच पुढं जा, पोरी.