अकरावी हे विश्रांतीचे वर्ष नव्हे



दहावीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले की घरोघरी एक वाक्य ऐकू येते : "आता वर्षभर जरा मोकळा श्वास घेऊ दे, बारावीला बघू." मुलांवरच्या मायेने आपण असे म्हणतो, पण प्रवेश परीक्षांच्या बाबतीत हीच माया महागात पडते. म्हणून यंदा अकरावीत जाणाऱ्या मुलांसाठी आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत.

सुरुवात कधी करावी?

इंजिनिअरिंग व फार्मसीसाठी राज्याची एमएचटी-सीईटी, डॉक्टर होण्यासाठी नीट आणि आयआयटी, एनआयटीसारख्या संस्थांसाठी जेईई द्यावी लागते. या तिन्ही परीक्षांत अकरावी आणि बारावी अशा दोन्ही वर्षांचा अभ्यास विचारतात. सीईटीत अकरावीचा वाटा सुमारे २० टक्के असतो. नीट आणि जेईईत तर अकरावी सोडून चालतच नाही. बारावीची बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि सीईटी एप्रिल-मे महिन्यांत होते. मधल्या थोड्या आठवड्यांत उजळणी होऊ शकते, नवा अभ्यास होत नाही. जेईई मेनची पहिली फेरी तर जानेवारीतच, म्हणजे बोर्डाच्या आधी असते. तेव्हा सुरुवात अकरावीच्या पहिल्या महिन्यापासून करावी. रोज दोन तास नियमाने दिले तरी पाया पक्का होतो.

अकरावीचा फॉर्म भरतानाही घाई नको. गणित सोडले तर इंजिनिअरिंगची आणि जीवशास्त्र सोडले तर मेडिकलची वाट बहुधा बंद होते. मुलाचा कल कशाकडे आहे, हे आधी त्यालाच विचारावे. शेजारचा मुलगा इंजिनिअर झाला, हे कारण पुरेसे नाही. पाच वर्षांच्या कायद्याच्या अभ्यासक्रमासाठीही सीईटी असते. कला आणि वाणिज्य शाखेच्या मुलांनी ती जरूर लक्षात ठेवावी.

अभ्यास कसा करावा?

१. सीईटीसाठी राज्य मंडळाची पाठ्यपुस्तके आणि नीट-जेईईसाठी एनसीईआरटीची पुस्तके हाच पाया. जाडजूड गाइडे त्यानंतर.

२. परीक्षेचे नियम समजून घ्या. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. नीटमध्ये बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीला १ गुण जातो. चार उत्तरे चुकली की एका बरोबर उत्तराची कमाई गेली. तेथे अंदाजाने ठोकून देऊ नये.

३. सीईटीच्या गणितात प्रत्येक प्रश्नाला २ गुण असतात, भौतिक व रसायनशास्त्रात १. गणिताच्या ५० प्रश्नांसाठी ९० मिनिटे मिळतात. म्हणून घड्याळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवाव्यात आणि चुकलेल्या प्रश्नांची वेगळी वही ठेवावी.

४. बोर्डाकडे दुर्लक्ष नको. नीट उत्तम गेली तरी मेडिकलसाठी खुल्या गटाला बारावीच्या भौतिक, रसायन व जीवशास्त्रात मिळून ५० टक्के गुण लागतात.

पालकांनी काय करावे?

क्लास लावला म्हणजे अभ्यास झाला, असे नव्हे. कर्ज काढून महागडा क्लास लावण्यापूर्वी मूल घरी स्वतः किती वेळ बसते, ते पाहावे. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास यांपैकी जी कागदपत्रे लागू असतील, ती बारावीच्या दिवाळीपूर्वीच हाती असावीत. निकालानंतर दाखल्यासाठी धावपळ करताना हातची जागा निसटते.

ईस्टरनंतर आपल्या वसईत लग्नसराई सुरू होते आणि नेमक्या त्याच दिवसांत या परीक्षा असतात. परीक्षा देणाऱ्या मुलाला वरातीतून आणि पाहुणचारातून एक वर्ष मोकळे करावे. नातेवाईक समजून घेतील. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी नीट मे महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी २ वाजता झाली आणि दीड वाजता केंद्राचे दार बंद झाले. रविवारी लोकल गाड्यांचे ब्लॉक असतात. म्हणून केंद्र आधी पाहून यावे आणि सकाळच्या पहिल्या मिस्सेनंतर वेळेत घर सोडावे.

शेवटी एक विनंती. गुण कमी पडले तर त्या दिवशी मुलाला बोल लावू नका. एका परीक्षेने एक दार बंद होते, सगळी नाही. दोन वर्षे प्रामाणिकपणे अभ्यास केलेल्या मुलाला निकालाच्या रात्री आपल्या ताटाशेजारी त्याचेही ताट वाढलेले दिसले पाहिजे.