तारीख एक, लिहिण्याच्या तऱ्हा अनेक

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. करमाडहून रोज आमच्या महाविद्यालयात येणारी एक विद्यार्थिनी रडवेल्या चेहऱ्याने माझ्यापुढे उभी राहिली. शिष्यवृत्तीच्या यादीतून तिचे नाव गळले होते. कारण दिले होते, ‘जन्मतारीख जुळत नाही.’ दहावीच्या प्रमाणपत्रावर तिची तारीख ७ ऑगस्ट होती, यादीत ८ जुलै! अर्जात तिने ०७/०८ असे नीट लिहिले होते. चूक माझी होती. यादी संगणकावर मी चढवली होती आणि त्या संगणकात तारखेची मांडणी अमेरिकी पद्धतीची आहे, हे पाहायचे राहून गेले होते.

नवल असे, की त्याच यादीत ज्याची जन्मतारीख २३/०५ होती, त्याच्या तारखेला धक्काही लागला नाही. असे का झाले असेल? पुढे वाचण्यापूर्वी क्षणभर विचार करा.

फसवे १३२ दिवस

आपण आधी दिवस, मग महिना आणि शेवटी वर्ष लिहितो. अमेरिकेत महिना आधी लिहितात. म्हणून संगणकाने ०७ हा महिना मानला आणि ०८ हा दिवस. पडद्यावर आकडे होते तसेच दिसत होते. यादी छापताना महिना अक्षरांत घेतला, तेव्हा ०७ चे ‘जुलै’ झाले. २३ हा मात्र महिना असूच शकत नाही. तेव्हा संगणकाने ती तारीख मानलीच नाही. साधा मजकूर समजून जशीच्या तशी ठेवली आणि ती वाचली.

अशा फसव्या तारखा वर्षात किती? दिवस आणि महिना दोन्ही १२ किंवा त्याहून कमी असले, तरच घोटाळा होतो. अशा तारखा १२ × १२ = १४४. त्यांपैकी १ जानेवारी, २ फेब्रुवारी, ३ मार्च अशा १२ तारखा उलट्या वाचल्या तरी त्याच राहतात. उरल्या १३२. म्हणजे वर्षातील एक तृतीयांशाहून अधिक दिवस! आणि उलटी वाचलेली तारीखही खरीखुरी तारीखच असल्यामुळे संगणक तक्रार करीत नाही. जी चूक चुकीसारखी दिसत नाही, ती सर्वांत घातक.

शेंद्र्याच्या खोक्यांवर

करमाडजवळच शेंद्र्याची औद्योगिक वसाहत आहे. तेथे देशोदेशींच्या कंपन्यांशी व्यवहार चालतात. समजा, तेथे तीन खोकी आली. जर्मनीहून आलेल्या खोक्यावर ०४.०३.२०२४ असे आहे, अमेरिकेहून आलेल्यावर ०३/०४/२०२४ आणि कोरियाहून आलेल्यावर २०२४.०३.०४. तिन्ही खोकी एकाच दिवशी, ४ मार्चला, भरलेली आहेत. जर्मनीत दिवस आधी लिहून मध्ये टिंब देतात. कोरिया आणि जपानमध्ये वर्षापासून सुरुवात करतात. भांडारातील माणसाने अमेरिकेचे खोके आपल्या पद्धतीने वाचले, तर ते ३ एप्रिलचे ठरेल, म्हणजे माल तीस दिवसांनी ताजा होईल!

आपल्याच गावच्या तारखा

परदेशापर्यंत जायचीही गरज नाही. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेथील सरकारी दप्तरात फसली सन चाले. आजर, दै, बहमन, इस्फंदार अशी त्याच्या महिन्यांची नावे. वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. समजा, करमाडच्या एखाद्या घरात जमिनीचा जुना कागद निघाला आणि त्यावर ‘खुरदाद १३४८ फसली’ असे आहे. हे कोणते वर्ष?

फसली सनात ५९० मिळवले, की ते वर्ष ज्या ऑक्टोबरात सुरू झाले तो इसवी सन मिळतो. १३४८ + ५९० = १९३८. पण खुरदाद हा सातवा महिना. तोपर्यंत जानेवारी उलटून गेलेला असतो. म्हणून येथे ५९१ मिळवायचे. कागद १९३९ च्या एप्रिलच्या आसपासचा ठरतो. ‘सरसकट ५९० मिळवा’ अशी आज्ञा संगणकाला दिली, तर वर्षातील सुमारे नऊ महिने उत्तर एका वर्षाने चुकेल. जमिनीच्या वादात एक वर्ष ही लहान गोष्ट नव्हे.

पंचांगातही हेच आहे. गोकुळाष्टमी आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमीला येते. काशीचा माणूस तिला भाद्रपद कृष्ण अष्टमी म्हणेल. दिवस मात्र एकच! आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तर भारतातला पौर्णिमेला. म्हणून वद्य पक्षापुरते महिन्याचे नाव बदलते. शिवाय २२ मार्च १९५७ पासून भारत सरकारने राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली. तिच्यातही चैत्र आहे. पण त्याची १ तारीख २२ मार्चला आणि लीप वर्षी २१ मार्चला येते. गुढीपाडवा त्या दिवशी असेलच असे नाही. नाव तेच असले तरी दिवस वेगळा असू शकतो!

संगणकाने काय करावे?

पदार्थविज्ञानात आपण म्हणतो, की काठीची लांबी सेंटिमीटरमध्ये सांगा किंवा इंचांत, काठी तीच राहते. दिवसाचेही तसेच आहे. दिवस ही वस्तू, तारीख हे तिचे नाव. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ही दोन्ही वेगळी ठेवायची.

यासाठी दिवसाला केवळ क्रमांक देतात. उदाहरणार्थ, १ जानेवारी १९७० ला ० मानले, तर १ मे १९७० चा क्रमांक ३१ + २८ + ३१ + ३० = १२० येतो. संगणकाच्या पोटात हा १२० असतो. त्याला ना प्रांत, ना भाषा. दोन तारखांमधले अंतर काढायचे, तर नुसती वजाबाकी पुरते.

माणसाला दाखवण्याची वेळ आली, की त्या क्रमांकाला त्या त्या प्रदेशाचा पोशाख चढवायचा. दिवस आधी की महिना, मध्ये रेघ की टिंब, महिन्यांची नावे कोणती आणि अंक कोणते, याच्या तयार नोंदी संगणकात असतात. जगातील शेकडो भाषांच्या अशा नोंदींचे भांडार युनिकोड संघटना सांभाळते. त्यात मराठीची नोंदही आहे आणि तिच्यात देवनागरी अंक आहेत. अंक बदलणे अगदी सोपे आहे. युनिकोडमध्ये इंग्रजी शून्याचा संकेतांक ४८, तर देवनागरी शून्याचा २४०६. पुढचे अंक ओळीने आहेत. तेव्हा प्रत्येक इंग्रजी अंकाच्या संकेतांकात २३५८ मिळवले, की आपला अंक तयार!

अवघड असते ते उलट काम, म्हणजे लिहिलेली तारीख वाचणे. ०७/०८ हे कोणत्या पद्धतीने लिहिले आहे, ते त्या आकड्यांत कोठेच नसते. म्हणून प्रोग्रॅमने अंदाज करू नये; पद्धत सांगून घ्यावी किंवा महिना अक्षरांत घ्यावा. एका संगणकाकडून दुसऱ्याकडे तारीख पाठवताना वर्ष-महिना-दिवस हा क्रम वापरावा. तसे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ मध्ये ठरले. त्याचा आणखी एक फायदा पाहा. २०२२-०१-०२ आणि २०२३-१२-०१ या तारखा मजकूर म्हणून क्रमाने लावल्या, तरी काळाचा क्रम बरोबर राहतो. त्याच आपल्या पद्धतीने ०२/०१/२०२२ आणि ०१/१२/२०२३ अशा लिहून क्रम लावला, तर नंतरची तारीख आधी येते.

करून पाहा

१. तुमच्या वर्गातील किती जणांचे वाढदिवस फसव्या १३२ तारखांत येतात, ते मोजा. एक तृतीयांशाच्या जवळपास येतात का?

२. शाळेच्या संगणकावर शिक्षकांच्या परवानगीने तारखेची मांडणी अमेरिकी करा. कोष्टकाच्या एका रकान्यात ०७/०८/२०१० आणि २३/०५/२०१० या तारखा इंग्रजी अंकांत भरा. कोणती तारीख उजव्या कडेला जाते आणि कोणती डाव्या? संगणकाला जी तारीख म्हणून कळली ती उजवीकडे जाते. माझ्या यादीतही काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे होत्या. खूण समोर होती, मी ती वाचली नाही. प्रयोग संपल्यावर मांडणी पूर्ववत करायला विसरू नका.

३. घरात जुने कागद असतील तर आजी-आजोबांना विचारून पाहा. फसली सन सापडला, तर त्याचे इसवी वर्ष काढा. त्यासाठी आधी महिना पाहा.

त्या मुलीचे नाव पुढे यादीत आले. पण त्यासाठी तिला करमाडहून दोन जादा खेपा घालाव्या लागल्या. तेव्हापासून मी कोणत्याही अर्जावर महिना अक्षरांत लिहितो. ‘७ ऑगस्ट’ कोणी कोणत्याही देशात वाचले, तरी त्याचा ८ जुलै होत नाही.