संक्रमण निवास : आवर्ती खर्च आणि अनुदानाचे गणित

मानसोपचार विभागातून रुग्णाला घरी सोडण्याचा दिवस आनंदाचा असावा, अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात काही वेळा त्या दिवशी बिल विभागासमोरच्या बाकावर एखादे वृद्ध वडील तासन्‌तास बसून राहतात आणि अखेरीस आत येऊन विचारतात, "साहेब, अजून महिनाभर ठेवून घेता येईल का?" बिल भरण्याची त्यांची तयारी असते. मुलगा औषधे नियमित घेतो, त्याला झोप नीट लागते, बोलणेही सुसंगत असते; परंतु घर दोन खोल्यांचे, त्यात थोरल्या भावाचा संसार, आणि मागील प्रसंगाची भीती सर्वांच्या मनात बसलेली. अशाच एका वडिलांनी काही वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर आपल्या मुदत ठेवीची पावती ठेवली आणि मुलाला कायमचे सांभाळा, अशी विनंती केली. ती पावती मला परत करावी लागली. रुग्णालय हे निवासस्थान नव्हे, असे मी त्यांना सांगितले. मग त्याचे निवासस्थान कोठे आहे, या त्यांच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

रुग्णालय आणि घर यांच्यामधील या टप्प्याला ‘हाफ-वे होम’ असे म्हटले जाते. या लेखापुरते आपण त्यास संक्रमण निवास म्हणू. (मुंबईकर वाचकांना या शब्दाने संक्रमण शिबिरे आठवतील. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलेली कितीतरी कुटुंबे तेथे वर्षानुवर्षे राहिली. तो धोका येथेही आहेच.) अशा निवासात मोजकीच माणसे एकत्र राहतात. आपल्या गोळ्या आपण वेळेवर घेणे, बाजारहाट, स्वयंपाक, बँकेचे व्यवहार, जमेल तसे अर्धवेळ काम, या गोष्टींची घडी तेथे पुन्हा बसते आणि देखरेख हळूहळू कमी होत जाते.

अशा सोयीवाचून काय घडते, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. दिनांक ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे एका निवासी केंद्रास आग लागली. साखळ्यांनी बांधून ठेवलेल्या २८ जणांना पळता आले नाही. दुसरे उदाहरण आपल्याच राज्याचे. बऱ्या झालेल्या व्यक्तींना मनोरुग्णालयांतून भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलविले जात असल्याचे निदर्शनास आल्यावर, जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र शासनास हे तातडीने थांबविण्यास सांगितले. वास्तविक मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याबाबत स्पष्ट आहे. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणास्तव कोणासही संस्थेत ठेवून घेता येत नाही. हाफ-वे होमसारखी निवासस्थाने शासनाने पुरवावीत किंवा त्यांच्या स्थापनेस साहाय्य करावे, असेही त्यात नमूद आहे.

हक्क मान्य झाला, खर्चाचे काय? येथून पुढे माझ्या वाणिज्य शाखेचा विषय सुरू होतो, आणि देणगीदारांनी येथेच थोडा वेळ द्यावा, अशी विनंती आहे.

आपल्याकडे देणगी येते ती बहुतांशी भांडवली खर्चासाठी. यंत्र, खाटा, रुग्णवाहिका, एखादा मजला. वस्तू डोळ्यांना दिसते, नामफलक लावता येतो, ताळेबंदात मालमत्ता वाढते. मीही अनेक वर्षे विश्वस्त मंडळास अशाच देणग्यांची शिफारस करीत आलो, हे येथे मान्य करतो. संक्रमण निवासाचे गणित याच्या उलट आहे. तेथे यंत्रसामग्री जवळजवळ नाहीच. खर्च होतो तो माणसांवर. आठवड्याचे तास १६८. एका कर्मचाऱ्याचे कामाचे तास ४८. म्हणजे एका जागेवर अहोरात्र एक माणूस हवा असल्यास, रजा धरून, किमान चार पगार द्यावे लागतात. त्यात समाजसेवक, मानसोपचारतज्ज्ञांच्या भेटी, घरभाडे आणि किराणा मिळविला की उत्पन्न-खर्च पत्रकातील ही बाजू दरवर्षी तेवढीच, किंबहुना वाढतच राहते.

यासाठी उपलब्ध असलेला प्रत्येक मार्ग कोठेतरी अपुरा पडतो. केंद्र शासनाच्या दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजनेत हाफ-वे होमचा समावेश आहे. मात्र प्रस्ताव, तपासणी आणि मंजुरी होऊन हप्ता हाती येईपर्यंत संस्थेस पदरचे पैसे घालावे लागतात, आणि पगार तर महिन्याच्या महिन्याला द्यावेच लागतात. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी २०१४ पासून सुरू झाला. परंतु २०२१ च्या सुधारित नियमांनुसार चालू प्रकल्पाची मुदत, सुरुवातीचे आर्थिक वर्ष वगळून, तीन वर्षांपलीकडे जात नाही. शिवाय हा निधी कोणत्याही संस्थेच्या स्थायी निधीत जमा करता येत नाही. धर्मादाय रुग्णालये एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला ठेवतात, पण ती निर्धनांच्या उपचारांसाठी आहे, घरभाड्यासाठी नव्हे.

तीन वर्षांचे अनुदान संपते तेव्हा निवासी मात्र तेथेच असतात. त्या दिवशी त्यांना कोठे पाठवावयाचे? हा विचार पहिला हप्ता स्वीकारण्यापूर्वीच झाला पाहिजे. उदाहरणादाखल, वार्षिक आवर्ती खर्च २४ लाख रुपये आणि ठेवींवरील व्याज ६ टक्के धरले, तर ४ कोटींचा स्थायी निधी लागेल. सर्व व्याज खर्च केल्यास महागाईमुळे त्या निधीचे मोल घटत जाते, ते वेगळेच.

आकडा मोठा आहे. तथापि खर्च आटोक्यात ठेवण्याचा एक मार्ग दिसतो. चेन्नईच्या ‘द बॅनियन’ संस्थेने २०१५ पासून ‘होम अगेन’ या उपक्रमाद्वारे वस्तीतच साधी घरे भाड्याने घेऊन चार-पाच जणांना एकत्र राहण्याची सोय केली. पुढे हा उपक्रम आपल्या रत्नागिरीतही आला. येथे इमारत बांधावी लागत नाही. ज्यांना कायमचा आधार हवा आहे त्यांना ‘संक्रमणा’च्या नावाखाली मुदतीत बाहेर काढावे लागत नाही, आणि ज्यांना पुढे जाता येते त्यांची जागा अडत नाही. शेजाऱ्यांचे मन वळविणे मात्र कठीण असते. ते काम कोणत्याही अंदाजपत्रकात बसत नाही.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे माझे म्हणणे असे राहील की, नव्या इमारतीचा विचार तूर्त बाजूला ठेवून एका भाड्याच्या घरापासून सुरुवात करावी आणि पाच वर्षांचा आवर्ती खर्च हाती असल्याशिवाय पहिला निवासी घेऊ नये.

ज्या वडिलांची पावती मी परत केली ते आता हयात नाहीत. मुलगा भावाकडे असतो. महिन्यातून एकदा औषधांसाठी स्वतः येतो, रांगेत उभा राहतो आणि जाताना कार्यालयात डोकावतो.

या कामी देणगी देऊ इच्छिणाऱ्यांनी ती स्थायी निधीसाठी आहे की चालू वर्षाच्या आवर्ती खर्चासाठी, हे कृपया पावती घेतानाच लेखी कळवावे. तशी लेखी सूचना नसल्यास देणगी स्थायी निधीत जमा करता येत नाही.