मांजराला श्रीखंड चालते का?

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, माहेरी शिरूरला आलेल्या दौंडच्या एक ताई आठ वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलाने घरच्या मनीला बोटाने श्रीखंड चाटवले होते आणि तिने बोटच धरले होते. ताईंचा प्रश्न मात्र वेगळाच! "डॉक्टर, एवढं गोड मनीला बाधणार नाही ना?"

आधी बोटाचे पाहू. त्यावर हळद लावून आणली होती. वाचकहो, मांजराच्या चाव्यानेही रेबीज होऊ शकतो, आणि तो एकदा झाला की त्यावर इलाज नाही. दात बारीक, म्हणून जखम लहान दिसते, पण ती खोल असते. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही लावू नये, आणि त्याच दिवशी लस सुरू करावी. रक्त आले असेल तर जखमेत भरायचे वेगळे इंजेक्शनही लागते.

आता मनीचे. मी माणसांचा डॉक्टर, पण एवढे सांगू शकतो, की मांजराला गोड चव कळतच नाही. गोडी ओळखणारा जिभेवरचा ग्राहक बनवण्यासाठी दोन जनुके लागतात. मांजरात त्यांपैकी एक निकामी असते. अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतील शास्त्रज्ञांनी 2005 साली हे दाखवून दिले. आपल्या भागात एवढी गुऱ्हाळे, पण काकवीवर माश्या, मुंगळे तुटून पडतात, मांजर नाही. मग श्रीखंड का चाटते? चक्क्यातल्या स्निग्धांशासाठी. बासुंदीचेही तेच.

चमचाभराने मांजर मरत नाही. पण मोठ्या मांजराला बहुधा दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात. रोज पेढा, बर्फी भरवली तर ते लठ्ठ होते, आणि लठ्ठ मांजरांना मधुमेह होतो, अगदी इन्सुलिन टोचावे लागण्याइतका. खरा धोका चॉकलेटचा आहे. त्यातल्या थिओब्रोमीनने उलट्या होतात, छाती धडधडते, झटके येतात. काळे, कडू चॉकलेट जास्त वाईट. बेदाणे कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी करतात. मांजरालाही देऊ नयेत. असे काही पोटात गेले तर मीठ-पाणी पाजून उलटी काढत बसू नका, तडक पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

आपल्याकडे मांजर म्हणजे दूध-पोळी, हाही एक गैरसमजच. त्याला मांसातले टॉरिन लागते; ते न मिळाल्यास नजर जाते, हृदय दुबळे होते. पूर्वी उंदरांवर भागत असे. घरात बंद ठेवलेल्या मांजराला मासळी, उकडलेले अंडे किंवा तयार खाद्य द्यावे.

मुलाची लस पूर्ण झाली. मनीवर दहा दिवस नजर ठेवायला सांगितले होते. ती ठणठणीत राहिली. श्रीखंडाने तिला एक दिवस जुलाब तेवढे झाले.