डिटेक्टरला न दिसणारं पाणी

ऐन गळीत हंगामात आमच्या डिस्टिलरीच्या लॅबमध्ये वॉशचे आकडे नाचायला लागले. कोल्हापूर भागातल्या कारखान्याची लॅब. मळीचा आंबवलेला वॉश, आर.एस. म्हणजे रेक्टिफाइड स्पिरिट, शिवाय पेट्रोलमध्ये मिसळायला जाणारं ९९.६ टक्क्यांचं इथेनॉल, सगळं एकाच गॅस क्रोमॅटोग्राफवर चालायचं. स्पिरिटचे रन एकावर एक बसत. वॉशचं मात्र सॅम्पल तेच, सिरिंज तीच, हात तोच. तरी आकडा एकदा साडेसात टक्के, लगेच सव्वाआठ.

"साहेब, कॉलम गेला वाटतंय," शिफ्ट केमिस्ट म्हणाला. काही बिघडलं की कॉलमवर खापर फोडायची खोड बहुतेक लॅबना असते. पण कॉलम गेला असता तर स्पिरिटला तरी का सोडलं असतं?

मग कागदावर हिशेब मांडला. इंजेक्टर २५० अंशांवर, दाब १० पीएसआय. अशा स्थितीत एक मायक्रोलिटर इथेनॉलची साधारण ४४० मायक्रोलिटर वाफ होते. तेवढ्याच पाण्याची होते १,४०० च्या घरात! आणि ४ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या लायनरमध्ये जागा हजाराच्याही आत. वॉशमध्ये तर नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच. म्हणजे दर इंजेक्शनला वाफ उतू जाणार, वर सेप्टमकडे नि गॅसच्या नळीत शिरणार, तिथं गार होऊन चिकटणार आणि पुढच्या रनमध्ये भलत्याच पीकच्या रूपानं डोकावणार. आमच्या एफआयडी डिटेक्टरवर पाण्याचं पीक उमटत नाही, म्हणून त्याचा संशयही कुणाला येत नाही.

आम्ही इंजेक्शन अर्ध्या मायक्रोलिटरवर आणलं आणि आकडे जाग्यावर आले. तुमच्याकडे सॅम्पल पाणीदार असेल तर मेथड दुसऱ्याकडून उतरवून घेण्याआधी हा हिशेब कराच. स्पिरिटची मेथड वॉशला तशीच लावू नका.

लायनर काढला तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. आतलं ग्लास वूल चॉकलेटी पडलं होतं, मध्ये तर काळंच. मळीतली उरलेली साखर आणि क्षार वाफ होऊन जात नाहीत, तिथंच राहतात आणि साखर करपते. गाळून यीस्ट निघेल, विरघळलेली साखर कशी निघणार? त्यामुळे वॉश आधी डिस्टिल करून मगच मारावा, किंवा हेडस्पेस घ्यावा: बंद वायल तापवायची आणि फक्त वरची वाफ आत सोडायची. रक्तातलं अल्कोहोल न्यायवैद्यक प्रयोगशाळा असंच मोजतात. 

त्यांचं इंटर्नल स्टँडर्ड मात्र डोळे झाकून उचलू नका. रक्तासाठी एन-प्रोपेनॉल चालतं. आंबवणात ते मुळातच तयार होतं, त्यामुळे आपला हिशेब चुकतो. त्यापेक्षा ३-पेंटॅनॉल बरं, पण आपल्या कॉलमवर ते बाकीच्या पीकपासून सुटं पडतं का ते आधी बघा.

फ्युजेल ऑइलचं सॅम्पल नेहमी शेवटी लावा. त्यातलं आयसोअमाइल अल्कोहोल १३१ अंशांच्या आसपास उकळतं आणि सिरिंजमध्ये रेंगाळतं. त्यानंतर सिरिंज नीट धुवून ब्लँक मारा. त्यात तेच पीक परत दिसलं, तर सेप्टम आणि लायनर बदलल्याशिवाय पुढचं सॅम्पल लावू नका.