गंज आणि ताण : जुन्या मोटारसायकलीसाठी बोल्टची निवड

यंत्राचे मोठे भाग सर्वांच्या नजरेत भरतात. ते भाग एकत्र धरून ठेवणाऱ्या बोल्टकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. जुनी मोटारसायकल पुन्हा उभी करताना ही उपेक्षा धोक्याची ठरू शकते.

म्हैसूर येथे साठीच्या दशकाच्या आरंभी ‘आयडियल जावा’चा कारखाना सुरू झाला. चेकोस्लोव्हाकियातील जावा गाडीच्या आराखड्यावर बनलेल्या त्याच्या मोटारसायकली १९७३ पासून ‘येझदी’ या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. १९९६ मध्ये हा कारखाना बंद पडला. त्याच्या गाड्या मात्र जवळच्या बंगळूर शहरात आजही हौसेने जपल्या जातात. त्या शहरातील जे. पी. नगरमध्ये एखाद्या घराच्या पडवीत अशीच एक येझदी सुटी करून ठेवली आहे, अशी कल्पना करू. गावाबाहेरच्या कच्च्या, खडकाळ वाटांवर तिने पुन्हा धावावे, अशी मालकाची इच्छा आहे. शेजारी डबाभर गंजलेले बोल्ट पडले आहेत. अशा वेळी सहज मनात येते, की सर्वच बोल्ट स्टेनलेस स्टीलचे का बसवू नयेत?

या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी स्टेनलेस स्टील का गंजत नाही, हे पाहिले पाहिजे. पोलादात साधारण साडेदहा टक्क्यांहून अधिक क्रोमियम असले, म्हणजे हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर एक अत्यंत पातळ, अदृश्य थर तयार होतो. ओरखडा पडला तरी तो थर पुन्हा धरतो. बोल्टसाठी सर्वाधिक वापरला जाणारा प्रकार ‘ए २’ होय. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. स्वयंपाकघरातील चांगली भांडीही याच कुळातील असतात. ‘ए ४’ या प्रकारात मॉलिब्डेनमची भर असल्याने तो खाऱ्या हवेतही टिकतो. कोकणकिनाऱ्यावर त्याची गरज भासेल. बंगळूरच्या पावसाला ‘ए २’ पुरेसा आहे.

परंतु न गंजणे हा एक गुण आहे आणि ताण सोसणे हा दुसरा. बोल्टच्या डोक्यावरील आकडे या दुसऱ्या गुणाविषयी सांगतात. पोलादी बोल्टवर ‘८.८’ असे कोरलेले असते. पहिल्या आठाचा अर्थ असा, की तो तुटण्यास दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटन ताण लागतो. दुसऱ्या आठाचा अर्थ असा, की त्याच्या ८० टक्के, म्हणजे ६४० न्यूटन ताणापर्यंत तो कायमचा लांबत नाही. ‘ए २-७०’ या स्टेनलेस बोल्टची तुटण्याची मर्यादा ७०० न्यूटन असते. हे आकडे जवळजवळचे वाटतात. पण तो कायमचा लांबण्याची मर्यादा अवघी ४५० न्यूटन आहे. आठ मिलिमीटर जाडीच्या नेहमीच्या बोल्टचा हिशेब केला, तर पहिला सुमारे २,३९० किलो भार सोसतो आणि दुसरा सुमारे १,६८० किलो.

हा फरक महत्त्वाचा का, हे समजण्यासाठी बोल्टला एक ताठ स्प्रिंग मानावे. आवळताना तो किंचित ताणला जातो आणि मूळ लांबीवर येण्याच्या धडपडीने दोन्ही भाग घट्ट दाबून धरतो. एकदा तो कायमचा लांबला, की ही पकड ढिली होते. पुढचे काम टू-स्ट्रोक इंजिनाची थरथर आणि वाटेवरचे खड्डे पुरे करतात.

म्हणून सुटे बोल्ट दोन थाळ्यांत वेगळे करावेत. मडगार्ड, नंबर प्लेट, दिव्याचे कवच, बाजूच्या पेट्या यांचे बोल्ट एका थाळीत. तेथे ‘ए २’ खुशाल वापरावा. दुसऱ्या थाळीत इंजिन चौकटीला जोडणारे, हँडल धरणारे, धक्काशोषकांचे, मागील चेनचक्राचे आणि ब्रेकची थाळी अडवून धरणाऱ्या पट्टीचे बोल्ट ठेवावेत. येथे जस्ताचा मुलामा दिलेला ‘८.८’ किंवा मूळ बोल्टच्या प्रतीचाच बोल्ट हवा. ब्रेकची पट्टी सुटली, तर उतारावर चाक अडकून स्वार फेकला जाऊ शकतो.

स्टेनलेस बोल्ट जेथे बसवायचे, तेथेही काही पथ्ये पाळावीत. स्टेनलेसच्या नटात स्टेनलेसचा बोल्ट कोरडा व वेगाने फिरवला, तर आटे एकमेकांना चिकटून जाम होतात. पुढे पान्ह्याने बोल्टच तुटतो. म्हणून वंगण लावून सावकाश फिरवावे. वंगणामुळे घर्षण घटते व तेवढ्याच पिळात पकड अधिक बसते. तेव्हा आवळण्याचा जोर थोडा कमी ठेवावा. इंजिनाची झाकणे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असतात. ओल साचली, की स्टेनलेसच्या सान्निध्यात ॲल्युमिनियमच झिजते आणि आट्यांत पांढरी भुकटी धरते. तेथेही ग्रीस लावावे, आणि मऊ धातूतील आटे उपटले जाणार नाहीत इतपतच आवळावे.

खरेदीच्या वेळी जाडी, लांबी यांबरोबर आट्यांमधील अंतरही मोजावे. आठ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टमध्ये ते १.२५ मिलिमीटर असते. चुंबकाच्या परीक्षेवर विसंबू नये, कारण थंड अवस्थेत घडवलेला ‘ए २’ बोल्टही चुंबकाकडे थोडासा ओढला जातो. जे. सी. रस्त्यावरील सुट्या भागांच्या दुकानांत चकचकीत पण खूण नसलेला बोल्ट कोणी पुढे केला, तर तो दुसऱ्या थाळीच्या कामासाठी घेऊ नये. गाडी जोडून झाल्यावर पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर प्रत्येक बोल्ट पुन्हा एकदा पान्ह्याने तपासावा.